घरमाशीचे पृष्ठमेण व कामगंध

घरमाशी (शास्त्रीय नाव : मुस्का डोमेस्टिका) या द्विपंखी कीटकाच्या शरीरावर मेणासारख्या पदार्थांचा अत्यंत पातळ थर असतो. हा थर मुख्यतः लांब साखळीच्या हायड्रोकार्बनांचा बनलेला असून शरीरातील पाणी बाहेर जाऊ न देणे हे त्याचे मूळ कार्य होय. प्रौढ मादीमध्ये याच थरातील काही घटक कामगंधाचे, म्हणजे नराला समागमास प्रवृत्त करणाऱ्या फेरोमोनाचे, कामही करतात. त्यांतील प्रमुख घटक सिस-९-ट्रायकोसीन हा असून तो मस्कल्यूर या नावाने ओळखला जातो. त्याची रासायनिक ओळख १९७१ मध्ये पटली आणि तेव्हापासून माश्या मारण्याच्या आमिषांत त्याचा वापर होत आला आहे.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ‘कामगंध सापळा’ हा शब्द कपाशीवरील बोंडअळ्यांच्या संदर्भात परिचित आहे. त्या सापळ्यांत पतंगांच्या मादीचा जो गंध वापरतात, तो तिच्या उदराच्या टोकाशी असलेल्या खास ग्रंथीत तयार होतो व वाऱ्यावर दूरवर पसरतो. घरमाशीत असे काहीच नाही. तिच्याजवळ गंधाची स्वतंत्र ग्रंथी नाही, आणि तिचा कामगंध वाऱ्यावर फारसा पसरतही नाही. मेण तयार करणारी जी यंत्रणा नर, मादी व नुकतीच कोषातून बाहेर पडलेली माशी या सर्वांत असते, तीच मादीच्या वयात येण्याबरोबर किंचित वळण घेते आणि संरक्षक मेणाचा एक भाग संदेश बनतो. घरमाशीचे हे वैशिष्ट्य लक्षात न घेतल्यास मस्कल्यूरच्या व्यवहारातील यशापयशाचा उलगडा होत नाही.

मेणाच्या थराचे कार्य

घरमाशीची लांबी साधारणपणे ६ ते ७ मिमी. असते. प्राणी जितका लहान, तितके त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ मोठे. त्यामुळे लहान कीटकाला वाळून मरण्याचा धोका कायम असतो. बाह्यकवचातील कायटिन व प्रथिने शरीराला आधार देतात. पण पाणी रोखून धरण्याचे काम प्रामुख्याने त्यांवरच्या मेणाचे असते. रॅमसे यांनी १९३५ मध्ये झुरळावर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की तापमान एका मर्यादेपलीकडे गेल्यावर शरीरातून होणारे बाष्पीभवन एकाएकी वाढते. पृष्ठभागावरील मेदाची मांडणी तेथे बिघडते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. विगल्सवर्थ यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले, की खरखरीत भुकटीने मेणाचा थर खरवडला गेल्यास कीटक कोरड्या हवेत लवकर वाळून मरतो. धान्यात राख मिसळून ठेवण्याच्या जुन्या रीतीमागे जी कारणे आहेत, त्यांत हेही एक मानले जाते.

हायड्रोकार्बन तयार करणाऱ्या जनुकाची क्रिया मंद केली असता काय होते, हे फळमाशीवर (ड्रॉसोफिला) तपासले गेले आहे. अशा माश्यांपैकी बऱ्याचशा कोषातून बाहेर येतानाच मेल्या. ज्या वाचल्या, त्यांच्या अंगावर हायड्रोकार्बन अत्यल्प होते आणि कोरड्या हवेत त्या फार काळ तग धरू शकल्या नाहीत. हे मेण कीटकाच्या दृष्टीने जीवनावश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

थरातील घटक

घरमाशीच्या मेणात तीन प्रकारचे हायड्रोकार्बन प्रामुख्याने आढळतात : सरळ साखळीचे संपृक्त अल्केन, साखळीला एक किंवा अधिक मिथिल गट जोडलेले शाखित अल्केन, आणि साखळीत एक द्विबंध असलेले अल्कीन. त्यांच्या भौतिक गुणधर्मांत मोठा फरक आहे. २३ कार्बन असलेले सरळ अल्केन, म्हणजे ट्रायकोसेन, हे सुमारे ४८° से. तापमानाला वितळते; सामान्य तापमानाला ते घन असते. त्याच लांबीच्या साखळीत नवव्या कार्बनापाशी सिस मांडणीचा एक द्विबंध आला, की साखळीला बाक येतो, शेजारच्या साखळ्या एकमेकींना चिकटून बसू शकत नाहीत आणि पदार्थ तेलासारखा द्रव होतो. हे द्रव रूप म्हणजेच मस्कल्यूर. त्याच्या रेणूत २३ कार्बन व ४६ हायड्रोजन अणू असतात.

नराच्या अंगावरील अल्कीने यापेक्षा लांब असतात. त्यांत २७ कार्बनांचे सिस-९-हेप्टाकोसीन महत्त्वाचे आहे. विशेष असे, की नुकत्याच जन्मलेल्या मादीच्या अंगावरही नराप्रमाणे लांब अल्कीनेच असतात. पृष्ठभागाच्या रसायनावरून त्या दोघांत भेद करणे कठीण असते. हा भेद पुढे काही दिवसांत निर्माण होतो.

कामगंधाचा शोध

घरमाशीत लैंगिक फेरोमोन असल्याचा पुरावा रोगॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. तो पदार्थ कोणता, हे ओळखण्याचे श्रेय अमेरिकेच्या कृषी विभागातील कार्लसन, मेयर, सिल्हासेक, जेम्स, बेरोझा व बिअर्ल या संशोधकांना जाते. मादीच्या कवचातून व विष्ठेतून मिळवलेल्या मेदद्रव्याचे घटक वेगळे करीत, प्रत्येक घटकाला नर कसा प्रतिसाद देतात हे पाहत ते अखेर एकाच संयुगापर्यंत पोहोचले. पुढे ते प्रयोगशाळेत तयार करून त्याची सक्रियता त्यांनी पडताळून पाहिली. हे संशोधन १९७१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. माशी या अर्थाचा लॅटिन शब्द ‘मुस्का’ व भुलवण या अर्थाचा इंग्रजी शब्द ‘लुअर’ यांच्या जोडणीतून मस्कल्यूर हे नाव बनले. नाव सुटसुटीत असले, तरी त्यामुळे या पदार्थाविषयी थोडा गैरसमज पसरला. त्याचा उल्लेख पुढे येईल.

नराच्या प्रतिसादाची चाचणी घेण्याची रीत साधी आहे. घरमाशीचा नर प्रथम दृष्टीवर विसंबतो. माशीएवढी काळसर वस्तू दिसली, की तो तिच्यावर झेप घेतो. ती मादी आहे, दुसरा नर आहे की काहीच नाही, याचा विचार झेपेनंतर. त्यामुळे काळ्या नाडीला मारलेली गाठही त्याला काही क्षण फसवू शकते. अशा कृत्रिम माश्यांना निरनिराळी रसायने लावून झेपांची संख्या आणि नर त्यांवर किती वेळ टिकून राहतो, हे मोजले जाते.

अशा चाचण्यांतून पुढे स्पष्ट झाले, की मस्कल्यूर हा एकटाच कामगंध नव्हे. त्याच्या प्रभावाने झेपांची संख्या वाढते. मादीच्या मेणातील शाखित अल्केने नराला तिच्यावर थांबवून धरतात. मस्कल्यूरपासूनच बनणारी आणखी दोन संयुगे, सिस-९,१०-इपॉक्सिट्रायकोसेन हे इपॉक्साइड व सिस-१४-ट्रायकोसीन-१०-ओन हे कीटोन, समोरची माशी मादीच असल्याची खूण पटवतात व समागमाचे प्रयत्न वाढवतात. ही दोन्ही संयुगे जड व अल्पबाष्पनशील असल्याने त्यांचा उपयोग स्पर्शाच्या अंतरावरच होतो. म्हणजे दुरून दृष्टी, जवळून मस्कल्यूर आणि प्रत्यक्ष स्पर्शात उरलेले घटक अशी ही ओळख टप्प्याटप्प्याने पटते. मादी बहुधा आयुष्यात एकदाच समागम करते. त्या वेळी नराकडील स्राव तिच्या शरीरात जातो व ती पुढील नरांना नकार देऊ लागते. अशा स्थितीत योग्य वेळी योग्य मादी ओळखणे नराच्या दृष्टीने किती मोलाचे आहे, हे सहज ध्यानात येते.

रेणूची घडण

मस्कल्यूर कसे बनते, याचा छडा लावण्याचे बरेचसे काम नेव्हाडा विद्यापीठातील गॅरी ब्लोमक्विस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्याची सुरुवात एका अगदी सामान्य पदार्थापासून होते. शेंगदाण्याच्या किंवा ऑलिव्हच्या तेलात मुबलक असणारे ओलेइक आम्ल माशीच्या शरीरातही तयार होते. त्यात १८ कार्बन असून द्विबंध बरोबर मध्यावर, नवव्या व दहाव्या कार्बनांच्या मध्ये, असतो. विकरे या साखळीच्या आम्ल टोकाला प्रत्येक फेरीत दोन कार्बन जोडत जातात. वाढ आम्ल टोकाकडूनच होत असल्यामुळे दुसऱ्या, म्हणजे मिथिल टोकापासून मोजलेले द्विबंधाचे स्थान बदलत नाही. तीन फेऱ्यांनंतर साखळी २४ कार्बनांची होते. मग आम्ल टोकाचे अल्डिहाइडात रूपांतर होते आणि अखेरीस ते टोकच तोडून टाकले जाते. २४ मधून एक कार्बन वजा होऊन २३ उरतात आणि मिथिल टोकाकडून मोजल्यास द्विबंध नवव्या कार्बनापाशीच सापडतो. सिस-९-ट्रायकोसीन या नावाचा सारा हिशेब यात आहे.

नराच्या शरीरात हीच साखळी आणखी दोन फेऱ्या पुढे जाते. २४ चे २८ कार्बन होतात, शेवटचा तुटतो आणि २७ कार्बनांचे हेप्टाकोसीन तयार होते. कच्चा माल तोच, द्विबंध तोच, टोक तोडण्याची क्रियाही तीच. नर आणि मादी यांच्या अंगावरील या अल्कीनांमध्ये केवळ दोन फेऱ्यांचे अंतर असते.

टोक तोडण्याच्या क्रियेने संशोधकांना काही काळ चकवले. वनस्पती व शैवलांवरील कामावरून असे मानले जात होते, की अल्डिहाइडातील हा कार्बन कार्बन मोनॉक्साइडाच्या रूपाने सुटत असावा. १९९४ मध्ये ब्लोमक्विस्ट यांच्या गटाने दाखवले, की घरमाशीत तो कार्बन डायऑक्साइडाच्या रूपाने बाहेर पडतो आणि ही क्रिया सायटोक्रोम पी-४५० गटातील विकर ऑक्सिजनाच्या साहाय्याने घडवून आणते. ते विशिष्ट विकर २०१२ मध्ये निश्चित झाले. घरमाशीत त्याला सीवायपी४जी२ असे नाव आहे. फळमाशीतील त्याचे समरूप सीवायपी४जी१ होय, आणि वर सांगितलेला वाळून मरणाऱ्या फळमाश्यांचा प्रयोग याच विकरासंबंधीचा होता. या विकरांचे कुल कीटकांचे खास असल्यामुळे त्याला रोखणारे रसायन सापडल्यास ते माणसाला किंवा गुरांना अपाय न करता कीटकांपुरते मर्यादित राहील, अशी आशा व्यक्त केली जाते.

शाखित अल्केनांच्या साखळीतील मिथिल गट व्हॅलीन, आयसोल्यूसीन यांसारख्या अमिनो आम्लांच्या विघटनातून मिळतात. म्हणजे माशी जी प्रथिने खाते, त्यांचा काही अंश तिच्या अंगावरील मेणात उतरतो.

अंडाशयाचे नियंत्रण

तीन फेऱ्यांवर थांबायचे की पाचपर्यंत जायचे, हे कोण ठरवते? याचे उत्तर मादीच्या अंडाशयांत सापडले, आणि या विषयातील सर्वांत देखणे प्रयोग याच प्रश्नाभोवती झाले. १९८३ व १९८४ मध्ये डिलविथ, ॲडम्स व ब्लोमक्विस्ट यांनी दाखवले, की मादीच्या अंगावर मस्कल्यूर दिसू लागण्याचा काळ आणि तिच्या अंड्यांत बलक साठू लागण्याचा काळ जुळतात. कोषातून बाहेर पडताच मादीचे अंडाशय काढून टाकले, तर ती मोठी झाल्यावरही मस्कल्यूर तयार करीत नाही. तिच्या अंगावर नरासारखीच लांब अल्कीने राहतात. अशा मादीला २०-हायड्रॉक्सिएक्डायसोन या संप्रेरकाची अंतःक्षेपणे दिली असता मस्कल्यूर पुन्हा तयार होऊ लागते. यावरून वाढत्या अंडाशयातून येणारे हे संप्रेरकच खूण देत असावे, असा निष्कर्ष निघाला.

याच्या पुढचा प्रयोग अधिक बोलका आहे. नराच्या शरीरात मादीचे अंडाशय बसवले किंवा त्याला हेच संप्रेरक टोचले, तर नरही मस्कल्यूर तयार करू लागतो. याचा अर्थ मादीचा कामगंध बनवण्याची संपूर्ण सामग्री नराजवळही असते. नसतो तो फक्त अंडाशयाकडून येणारा आदेश. या आदेशाने नेमके काय बदलते, तेही पुढे दिसून आले. नराच्या आणि एक दिवसाच्या मादीच्या पेशींतून मिळवलेली विकरे २४ कार्बनांची साखळी सहज २८ पर्यंत वाढवतात. चार दिवसांच्या मादीची विकरे २४ पाशी जवळजवळ थांबतात. संप्रेरक नवे रसायन निर्माण करीत नाही, ते साखळीची वाढ अलीकडे रोखते.

२०-हायड्रॉक्सिएक्डायसोन हे संप्रेरक एरवी अळीच्या अवस्थेत कात टाकण्याशी निगडित म्हणून परिचित आहे. पतंगांत कामगंधाची निर्मिती मेंदूजवळून येणाऱ्या पेप्टाइडाच्या आणि अनेक झुरळांत तारुण्य संप्रेरकाच्या नियंत्रणाखाली असते. घरमाशीत या कामी कात टाकण्याचे संप्रेरक योजलेले आढळणे, हे त्या काळी अनपेक्षित होते.

या व्यवस्थेची जीवशास्त्रीय संगती लावणे अवघड नाही. घरमाशीच्या मादीला अंडी पक्व करण्यासाठी प्रथिनयुक्त अन्न लागते. केवळ साखरपाण्यावर ती जगते, पण तिचे अंडाशय वाढत नाहीत. प्रथिने मिळाली, अंडी वाढू लागली, की नराला बोलावणारा गंधही तयार होऊ लागतो. अपक्व मादीवर तो खर्च होत नाही.

पृष्ठभागापर्यंतचा प्रवास

हायड्रोकार्बनांची निर्मिती उदराच्या भित्तीलगत असणाऱ्या ईनोसाइट नावाच्या पेशींत होते. तेथून लायपोफोरिन हे प्रथिन त्यांना रक्तद्रवातून वाहून नेते व शरीरभरच्या कवचापर्यंत पोहोचवते. पाय, पंख व डोके येथील मेणही अशा रीतीने उदरातूनच आलेले असते. मस्कल्यूरसाठी वेगळा मार्ग नाही. इतर मेणांबरोबरच ते पृष्ठभागावर येते. माशी सतत पाय एकमेकांवर व अंगावर घासत असते, त्या क्रियेत ते अंगभर आणखी पसरते.

आमिषांतील वापर व मर्यादा

घरमाशी चावत नाही. पण विष्ठा, उकिरडा व अन्न यांवर आलटून पालटून बसून ती रोगजंतू वाहून नेते. अतिसार, आमांश, विषमज्वर व पटकी यांच्या प्रसारात तिचा वाटा मानला जातो. माश्या कमी केल्याने रोग किती कमी होतो, याचे एक ठोस उत्तर इस्राएली लष्कराच्या छावण्यांत मिळाले. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुख्यतः आमिषे व सापळे वापरून माश्यांची संख्या ६४ टक्क्यांनी घटवली असता अतिसारासाठी दवाखान्यात येणारे सैनिक ४२ टक्क्यांनी व शिगेला जंतूंमुळे होणारे आमांशाचे रुग्ण ८५ टक्क्यांनी कमी झाले. माश्यांना विषाकडे आणण्याचे कोणतेही विश्वासार्ह साधन म्हणूनच मोलाचे ठरते.

मस्कल्यूरची नोंदणी अमेरिकेत १९७५ मध्ये झाली. कुक्कुटपालन केंद्रे, गोठे व कचरा साठवण्याच्या जागा येथे वापरल्या जाणाऱ्या साखरयुक्त दाणेदार आमिषांत ते कीटकनाशकाबरोबर घालतात. एका प्रचलित मिश्रणात ०.५ टक्का इमिडाक्लोप्रिड व ०.१ टक्का मस्कल्यूर असते. ते स्वतः विषारी नाही. माशी आमिषाजवळ यावी व तेथे रेंगाळावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्याच्या औद्योगिक निर्मितीचा एक मार्ग मोहरीच्या पारंपरिक तेलात विपुल असणाऱ्या इरुसिक आम्लापासून निघतो. त्या आम्लात २२ कार्बन असून द्विबंध मिथिल टोकापासून नवव्या जागी, म्हणजे हवा तेथेच, तयार असतो. एक कार्बन जोडायचा आणि ऑक्सिजन काढून टाकायचा, एवढेच काम उरते.

तरीही मस्कल्यूर लावलेला सापळा बोंडअळीच्या कामगंध सापळ्यासारखा चालेल, ही अपेक्षा चुकीची आहे. क्षेत्रीय चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काही ठिकाणी आमिषावर येणाऱ्या माश्यांत स्पष्ट वाढ झाली, तर काही ठिकाणी फरक पडला नाही. २३ कार्बनांचा हा रेणू हवेत फार थोडा उडतो आणि निसर्गात त्याचे काम जवळच्या अंतरावर, दृष्टीच्या जोडीने चालते. ‘भुलवण’ हे नाव त्याच्या पल्ल्याविषयी जरा जास्तच आश्वासन देते. गंधाने सारा परिसर भारून नर-मादीची गाठ चुकवण्याची पतंगांवर वापरली जाणारी युक्तीही याच कारणामुळे येथे व्यवहार्य नाही. शिवाय आमिषाची परिणामकारकता केवळ आकर्षणावर अवलंबून नसते. कॅलिफोर्नियात इमिडाक्लोप्रिडयुक्त आमिष खाण्याचेच टाळणाऱ्या माश्या आढळल्या आहेत; अशा माशीला जवळ आणण्यात मस्कल्यूर यशस्वी झाले, तरी ती मरत नाही. माश्यांची पैदास शेण, विष्ठा व ओला कचरा यांत होत असल्याने त्यांची विल्हेवाट हाच नियंत्रणाचा पाया राहतो व आमिष त्याला पूरक ठरते.

अन्यत्र आढळ

मस्कल्यूर ही घरमाशीची मक्तेदारी नाही. मधमाशी फुलांची दिशा सांगण्यासाठी पोळ्यात जे नृत्य करते, त्या वेळी तिच्या अंगावरून सुटणाऱ्या चार हायड्रोकार्बनांत सिस-९-ट्रायकोसीन असल्याचे २००७ मध्ये दिसून आले. तेथे त्याचा लैंगिकतेशी संबंध नाही. इतर कामकरी माश्या अन्न आणण्यास बाहेर पडाव्यात, यासाठी ते उपयोगी पडते. सर्व कीटकांच्या अंगावर हायड्रोकार्बन असतातच. त्यांतील कोणत्या रेणूचा अर्थ काय, हे जातीगणिक बदलते.

नराच्या या घाणेंद्रियाचा लाभ उठवणारी एक बुरशीही आहे. एंटोमॉफ्थोरा मस्की या बुरशीने मारलेल्या मादीच्या शवावर नर झेप घेतात, समागमाचा प्रयत्न करतात व स्वतः बीजाणूंनी माखून बाधित होतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार शवावर बीजाणू तयार होत असताना ही बुरशी सेस्क्विटर्पीन वर्गातील बाष्पनशील द्रव्ये सोडते. मृत्यूनंतर सुमारे २५ ते ३० तासांनी, बुरशीची वाढ भरात असताना, नरांचा ओढा ताज्या शवापेक्षा या शवाकडे अधिक असल्याचे आढळले.